नागपूरच्या महालात कोर्ट बांधायचं असेल तर

कोर्टात नाझर (कोर्टाची व्यवस्था पाहणारी कर्मचारी) म्हणून इमारत, मुद्देमाल आणि पक्षकारांचे हाल जवळून पाहिले, म्हणून हे लिहिते आहे. नागपुरातल्या महाल-इतवारीसारख्या जुन्या वस्तीत न्यायसंकुल करायचं ठरलंच, तर कागदावर पहिली जागा थांबणाऱ्यांची आखा. कोर्टरूम नंतर. तारखेला माणूस एकटा येत नाही. सोबत भाऊ, सासू, कडेवर लेकरू असतं, आणि पुकारा व्हायला दुपार होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. काचेच्या बंद दालनात ही माणसं बसवू नका. महालातले जुने वाडे पाहून या: मधे चौक, भोवती सोपे (ओसऱ्या), खोल सावली. तीच रचना इथे चालते.

सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत (हेन्री मेड यांनी आखलेली, १९४० ची) मला फार प्रिय आहे. पण तिला भोवती मोकळं मैदान लागतं. तसा घुमट बडकस चौकात उभा केला तर शेजारच्या वाड्यांचा उजेड जाईल. इथे उंची वाड्यांच्या जवळपास ठेवा, इमारत दोन-तीन चौकांत विभागा. हेरिटेज समितीकडे आराखडा कच्चा असतानाच जा. पक्का नकाशा बदलायला कुणाचं मन होत नाही.

आत येण्याच्या वाटा तीन हव्यात आणि त्या कुठेही एकमेकींना छेदू नयेत: न्यायाधीशांची, लोकांची, आरोपींची. आरोपींची गाडी वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहातून येणार. ती गांधी गेटमधून आणायचा विचारही नको. बाहेरच्या रुंद रस्त्यावरून थेट कोठडीच्या दारात यावी. महिलांची कोठडी वेगळी. लहान मुलांना आणि पीडित स्त्रियांना आरोपीसमोरून जावं लागू नये. दुर्बल साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं करा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. या साक्षीदारांच्या खोलीला स्वतंत्र दार, स्वतंत्र संडास आणि शेजारी आईला बसायला जागा द्या. जागा कमी पडली की पहिली कात्री या खोलीला लागते. लागू देऊ नका.

तळघरात गाड्या ठेवा हवं तर, पण रेकॉर्ड रूम आणि मुद्देमाल तिथे कदापि नको. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीचं पाणी नागपूरकरांच्या घरात शिरलं होतं, आणि ही नदी महालाजवळूनच वाहते. भिजलेलं खरेदीखत किंवा कुजलेले रक्ताचे कपडे परत मिळत नाहीत. तिथे खटलाच संपतो. रेकॉर्ड आणि मुद्देमालासाठी पहिला मजला घ्या, स्लॅब फायलींच्या वजनाला पुरेल असा करून घ्या. खाली गर्दीची कोर्टं ठेवा: चेक बाउन्स, मोटार अपघात दावे, कौटुंबिक. दिवाणी अपिलं वर चालतील, तिथे बहुतेक वकीलच असतात.

मुद्रांक विक्रेते, टंकलेखक, झेरॉक्सवाले, चहावाले येणारच. त्यांना नकाशात ओटे दिले नाहीत तर ते फूटपाथवर बसतील आणि वस्तीतले लोक कोर्टालाच दोष देतील. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) दाखवणारे स्क्रीन प्रत्येक चौकात लावा, पण पट्टेवाल्याचा पुकाराही राहू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांची तारीख त्या आवाजावरच असते. त्यासाठी पुकाऱ्याची जागा सोप्याच्या तोंडाशी घ्या आणि जनरेटर तिथून लांब, मागच्या भिंतीला.