सीएनसी मशीनच्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत फॅनुक वा सीमेन्सचा कंट्रोलर असलेले सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) मशीन चालवणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण कंट्रोलरसोबत त्याची प्रणाली येतेच. जुन्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी मोटर) बसवणाऱ्याला किंवा लाकूडकामाच्या राउटरला साधा संगणक जोडणाऱ्याला मात्र तो हमखास पडतो. अशा वेळी विंडोज की लिनक्स या वादात शिरण्याआधी, मोटरला जाणारे पल्स (तिला पुढे सरकवणारे विजेचे छोटे संकेत) संगणक स्वतः तयार करणार की वेगळे मोशन कंट्रोल कार्ड, हे ठरवावे.

याचे कारण हिशेबात आहे. मोटरच्या एका फेऱ्याला 200 स्टेप, ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) प्रत्येक स्टेपचे 10 मायक्रोस्टेप आणि बॉलस्क्रूची (टेबल सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याची) पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, 5 मिलिमीटर असेल, तर एका मिलिमीटरला 400 पल्स लागतात. टेबल मिनिटाला 3000 मिलिमीटर वेगाने सरकवायचे असेल, तर सेकंदाला 20,000 पल्स, म्हणजे दर 50 मायक्रोसेकंदांनी एक पल्स द्यावा लागतो. सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीम इतक्या वक्तशीरपणाची हमी देत नाही. मध्येच अँटिव्हायरस सुरू झाला की पल्स रेंगाळतो, मोटर स्टेप चुकवते, आणि एन्कोडर (मोटरची प्रत्यक्ष स्थिती मोजणारे उपकरण) नसल्यास ही चूक तयार झालेला जॉब मोजेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही.

संगणकानेच पल्स तयार करून पॅरलल पोर्टवरून (जुन्या प्रिंटर पोर्टवरून) काम भागवायचे असेल, तर रिअल-टाइम कर्नलसह (काम ठरल्या वेळेतच करणाऱ्या गाभ्यासह) येणारे लिनक्ससीएनसी हे लिनक्सवरचे सीएनसी सॉफ्टवेअर घ्यावे. ते हार्ड डिस्कवर बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून त्यातील लेटन्सी टेस्ट (ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) लावावी, आणि ती चालू असताना मोठ्या फाइल कॉपी करून व ग्राफिक्सच्या खिडक्या उघडून संगणकाला मुद्दाम दमवावे. सर्वाधिक आकडा 20,000 नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. 30 ते 50 हजार असेल तर वेग थोडा कमी ठेवून काम चालते. एक लाखाच्या पुढे गेला तर तो संगणक या कामाचा नाही. लॅपटॉपच्या भानगडीत शक्यतो पडू नये, कारण त्याची वीजबचतीची यंत्रणा नेमकी इथे आडवी येते. नागपुरात ही चाचणी मे महिन्याच्या दुपारी, संगणक कॅबिनेटमध्ये बंद ठेवून घेतली तरच तिला अर्थ आहे. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो.

माक 3 या विंडोजवरच्या सीएनसी सॉफ्टवेअरचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर केवळ 32-बिट विंडोजवर चालतो, त्यामुळे नव्या जुळणीसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही. सुरळीत चालू असलेली जुनी जुळणी मात्र उगाच उसवू नये. तिचे इंटरनेट तेवढे तोडावे, कारण विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला.

पल्स देणारे स्वतंत्र कार्ड असेल, तर संगणकावरचा भार बराच हलका होतो आणि ऑपरेटरच्या हाताला सवयीची असलेली, कार्डच्या उत्पादकाने मान्य केलेली प्रणाली बेलाशक निवडावी. विंडोज घेतल्यास आपोआप होणारे अपडेट आणि स्लीप दोन्ही बंद करावे. इथर्नेट कार्डासोबत लिनक्ससीएनसी घेतल्यास रिअल-टाइम कर्नल तरीही लागतो, फक्त वेळेची अट बरीच सैल होते.

प्रणाली कोणतीही असो, इमर्जन्सी स्टॉपचे बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता थेट वायरिंगने मोटर व स्पिंडलचा पुरवठा तोडणारे असावे. सर्व सेटिंग जुळल्यानंतर संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती वर्कशॉपच्या धुळीपासून दूर, कार्यालयाच्या कपाटात ठेवावी.