शिष्यवृत्ती नेमकी अडते कुठे?

घोषणा द्यायला मला पहिल्याच वर्षी जमलं. कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर उभं राहिलं की आवाज आपोआप चढतो. पण काम शिकवलं ते चंदगडच्या मैत्रिणीच्या अडकलेल्या शिष्यवृत्तीनं.

कॉलेज म्हणायचं समाजकल्याणला विचारा, समाजकल्याण म्हणायचं कॉलेजात विचारा. चार महिने हेच. मेसचं बिल थकलं, ती गावी परत जायचं बोलू लागली. शेवटी नेट कॅफेत बसून महाडीबीटीवरचं, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचं, तिचं खातं उघडलं. अर्ज कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनलाच पडून होता; जिल्ह्याच्या कार्यालयाकडं तो गेलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी त्या स्क्रीनची प्रिंट जोडून लेखी अर्ज दिला, पोचेवर आवकचा शिक्का घेतला. आठवड्यात अर्ज पुढं सरकला.

मग वसतिगृहातल्या सगळ्या मुलींची वही केली. नाव, योजना, अर्ज कुणाच्या लॉगिनला, किती दिवस, बँक खातं आधारला जोडलंय का. हा शेवटचा रकाना विसरू नका. मंजूर पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कधी कधी गावाकडं शाळेत असताना काढलेलं, मुलीला आठवतही नसलेलं निघतं.

वही प्राचार्यांपुढं ठेवली आणि एकच मागणी केली: प्रलंबित अर्जांची यादी दर शनिवारी फलकावर लावा. मॅडमनी मान्य केली.

माहिती अधिकारही शिकून घ्या. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. अर्जात ‘का’ विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘अर्ज कोणत्या तारखेला कुणाकडं गेला, त्या नोंदीची प्रत द्या’ असं मागा. आणि धाकट्या भावंडांची जात पडताळणी बारावीतच मार्गी लावा. प्रवेशाच्या घाईत ती हमखास अडते.

26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा आदेश मूळातून वाचा. संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांना राखल्या, हे आपण भाषणात सांगतो. पण त्याच आदेशात सर्व खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवावा, असंही आहे. मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं.

26 जूनला सामाजिक न्याय दिनाच्या कार्यक्रमाला अधिकारी समोरासमोर भेटतात. जाताना वही सोबत न्या.