ऑर्किडच्या फ्लास्क आत्ताच फोडू नका, थंडी पडू द्या

लॅबमधून ऑर्किडच्या फ्लास्क (जेलीत वाढवलेल्या पिल्लू रोपांच्या बंद बाटल्या) आल्यात आणि मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्येच उघडायला हात शिवशिवतायत, असे बरेच जण असतील. थांबा जरा. आतलं जेली सुकलेलं नसेल, बुरशी दिसत नसेल तर बाटल्या उजेडात पण ऊन न लागेल अशा ठेवा आणि नोव्हेंबरच्या शेवटी, रात्री थंडावल्या की मग काढा. या पोरांनी बाटलीतली दमट हवा सोडून काही बघितलेलंच नाही, पानांवरचा मेणाचा थर अगदी पातळ, त्वचारंध्रं नीट मिटत नाहीत, ३४-३५ डिग्रीत बाहेर आली की बघता बघता माना टाकतात.

आता ज्यांनी ड्रॅक्युला, मॅस्डेव्हेलिया या थंड हवेतल्या ऑर्किड मागवल्यात त्यांना स्पष्टच सांगतो, गॅलरीत नाही जमणार. ही कोलंबिया-इक्वाडोरच्या डोंगरातली, साधारण दीड ते अडीच हजार मीटरवरच्या ढगातली झाडं, दिवसा थोडं गरम एकवेळ खपवून घेतील पण रात्री १०-१४ डिग्री लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा २७ असतं. त्यात यांना पाणी साठवायला कंद नाही, म्हणजे सुकायला वेळ लागत नाही. हौसच असेल तर रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत जुना फिश टँक, वर काच (एसी हवा कोरडी करतो), एलईडी लाइट आणि आत कॉम्प्युटरचा छोटा फॅन, आणि लाइटबिल बघून घरच्यांचं ऐकायची तयारी. नाहीतर सरळ फॅलेनोप्सिस किंवा गरम हवेतल्या डेंड्रोबियमच्या फ्लास्क घ्या, मुंबईला त्याच बऱ्या.

काढताना घाई नको. ऑर्किडच्या बी मध्ये स्वतःचा अन्नसाठा नसतो, जंगलात बुरशी भरवते, लॅबमध्ये साखर, १९२२ साली नडसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच दाखवलं. तीच साखर जेलीत असते, मुळांना चिकटून राहिली की कुजलीच समजा, म्हणून कोमट पाण्यात बोटांनी हळूहळू सोडवा, पाणी दोन-तीनदा बदला, मूळ तुटलं तर तुटू द्या पण जेली राहू देऊ नका. मग बुरशीनाशकाच्या हलक्या पाण्यातून काढून ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) सगळी एकाच ट्रेमध्ये दाटीवाटीने लावा, सुटी सुटी लावली तर लवकर सुकतात. मॉस इतकं पिळा की थेंब पडायला नको. वर पारदर्शक झाकण, आठवड्याभराने ते रोज थोडं थोडं सरकवत जा. जानेवारीत कोरडं वारं सुटलं की झाकण परत लावा.

पाणी महापालिकेच्या नळाचं चालतं, धरणाचं असल्याने जड नसतं. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं येत असेल तर आरओचं वापरा. खत लगेच नको, मुळाला नवीन हिरवं टोक दिसलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पानांच्या बेचक्यात पाणी राहत नाही.