लीव्हर फ्लूकची एलायझा आणि सोलापूरचा मे महिना

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी लीव्हर फ्लूक या यकृतातल्या कृमीच्या रक्तचाचणीवर, म्हणजे एलायझावर, प्रोजेक्ट मिळाला तेव्हा आई म्हणाली, "काळजातले किडे? एवढंच राहिलं होतं." खाटकाकडे काळीज म्हणजे यकृत, कवितेत हृदय. आमचा कृमी खाटकाच्या काळजातला. सोलापुरात राहून या विषयात शिरणार असाल, तर मी कुठे कुठे अडखळले ते आधीच ऐकून ठेवा.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: शौचात अंडी शोधायची सोडून प्रथिनांच्या मागे कशाला लागायचं? कारण माणसाच्या पोटात गेल्यावर फॅसिओला, म्हणजे आमचा लीव्हर फ्लूक, अंडी घालायला तीन-चार महिने लावतो. तोवर त्याची पिल्लं यकृत पोखरत असतात. रुग्णाला ताप असतो, उजव्या बरगडीखाली दुखतं, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, आणि शौचाचा रिपोर्ट मात्र स्वच्छ! रक्तात अँटिबॉडी दोन-चार आठवड्यांतच दिसू लागतात. त्या पकडायला आमिष म्हणून कृमीचंच प्रथिन लागतं.

ते आणायला पहाटे कत्तलखाना गाठायचा, अर्थातच रीतसर परवानगी काढून. बरोबर बर्फ नको, थर्मासमध्ये ३७ अंशांचं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) न्या. पित्तनलिका चिरली की पानासारखे चपटे, तपकिरी कृमी बाहेर येतात. आपल्याकडच्या म्हशींत बहुतेक फॅसिओला जायगँटिका असतो, बोटभर लांब. गरम बफरमध्ये ठेवले की ते पोटातलं काळपट ओकतात. पहिली धुवणं फेकून द्या, त्यांत म्हशीचंच पित्त आणि रक्त फार असतं. नंतर ताज्या बफरमध्ये काही तास ठेवल्यावर जे मिळतं ते आपलं. त्यात मोठा वाटा कॅथेप्सिन एल या एन्झाइमचा. यजमानाच्या ऊती आणि रक्त पचवायला कृमी ते वापरतो. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २५ किलोडाल्टनच्या आसपास त्याचा ठसठशीत पट्टा दिसला, त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

खरी फजिती एलायझात झाली. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं: टीएमबी (अँटिबॉडी असेल तिथे रंग आणणारं द्रावण) घालून रूम टेंपरेचरला पंधरा मिनिटं. मे महिना, दुपारचे दोन, लाइट गेलेली. पाच मिनिटांत सगळी प्लेट गर्द निळी, कृमी नसलेले निगेटिव्ह नमुनेसुद्धा. स्टॉप सोल्यूशन घातल्यावर सगळीकडे पिवळंधमक. लाइट आल्यावर रंगाची तीव्रता मोजणाऱ्या रीडरनं ४५० नॅनोमीटरवर आकडा द्यायचंच नाकारलं. मॅडमनी प्लेट पाहून एवढंच विचारलं, "रूम टेंपरेचर म्हणजे कोणाच्या रूमचं?" तेव्हापासून टीएमबीची पायरी सकाळी सातला, टेबलावर थर्मामीटर, आणि प्रत्येक प्लेटवर तेच पॉझिटिव्ह, तेच निगेटिव्ह. कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर नमुना पॉझिटिव्ह धरायचा तो आकडा, निगेटिव्हच्या सरासरीत तीन स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवून काढतात. निगेटिव्ह दुपारचे आणि नमुने सकाळचे असतील तर त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

माणसाचं पॉझिटिव्ह सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग) इथे मिळेल या आशेवर राहू नका. भारतात माणसांतले रुग्ण तुरळक. बोलिव्हिया, पेरू, इजिप्त, व्हिएतनाम ही या आजाराची माहेरघरं. म्हणून मी म्हशीच्या सिरमवर हात बसवला. त्यात एक मोठं सुख आहे: ज्या जनावराचं रक्त घेतलं त्याचंच यकृत समोर उघडून खरं-खोटं करता येतं. कॉन्जुगेट, म्हणजे पकडलेल्या अँटिबॉडीला चिकटणारं एन्झाइम जोडलेलं द्रावण, मात्र प्राण्याप्रमाणे बदलायला विसरू नका.

माणसांवर जायचं ठरलं तर एथिक्स कमिटीचा अर्ज सगळ्यात आधी टाका. निगेटिव्ह सिरम गोळा करताना निव्वळ निरोगी मित्रांचं घेऊन भागत नाही. हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्यांकडून येणाऱ्या दुसऱ्या एका कृमीच्या आजाराच्या, रुग्णांचंही हवं. आपल्या मेंढ्या-कुत्र्यांच्या मुलखात तो रुग्ण फ्लूकच्या रुग्णापेक्षा सहज सापडतो, आणि कृमीच्या कच्च्या स्रावावर त्याचं सिरमही रंग देऊ शकतं. यासाठीच लोक एकटं कॅथेप्सिन एल१ जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बनवून घेतात. ते स्वतःलाच कापत सुटू नये म्हणून त्यातल्या सिस्टीन या एका मोक्याच्या अमिनो आम्लाच्या जागी ग्लायसीन हे दुसरं बसवतात. मला ही युक्ती अजूनही भारी वाटते.

आता सतरा नंबरच्या म्हशीचं सांगते. प्लेटवर चांगली पॉझिटिव्ह, वहीत मात्र "कृमी नाही". मी फॉल्स पॉझिटिव्ह लिहून मोकळी होणार होते. पण फोनमध्ये त्या यकृताचा फोटो होता. पुढच्या खेपेला तो कत्तलखान्यातल्या चाचांना दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला आणि पांढऱ्या, जाड झालेल्या नळीवर बोट ठेवलं.

"होते की, बेटा. गेले."