मुलांना घेऊन नदीत कनू ट्रिप आणि रात्रीचा मुक्काम: या चुका टाळा

मुलांबरोबरच्या कनू (वल्ह्यांनी चालवायची लांबट, उघडी होडी) ट्रिपची वाट लागते ती बहुतेक वेळा नदीत नाही, आधीच्या आठवड्यात नकाशा बघतानाच लागते. मोठ्यांच्या हिशोबाने किलोमीटर मोजले जातात, मग दिवस पुरत नाही, मग उशीर होतो, आणि उशीर झाला की एरवी शहाणी असलेली माणसंही वळणापुढे काय आहे ते न बघता बोट सोडतात, मिळेल तिथे तंबू ठोकतात, पोरं गारठलेली दिसत असूनही "थोडंच राहिलंय रे" म्हणत वल्हवत राहतात. खाली लिहिलेल्या चुका वेगवेगळ्या वाटतील, पण बऱ्याच चुकांच्या मुळाशी हा उशीरच असतो.

अंतर मोठ्यांच्या मापाने ठरवणं

संथ पाण्यात दोन मोठी माणसं ताशी ४-५ किमी आरामात जातात, म्हणून सहा तासांत २५-३० किमी, असं गणित कागदावर छान जमतं. प्रत्यक्षात एकाला सू लागते, दुसऱ्याला काठावरचा बेडूक बघायचाय, तिसरीची टोपी पाण्यात पडली, आणि तासाभराने परत सगळ्यांना भूक. थांबे धरून ताशी २ किमी पकडा, फार तर अडीच. दिवसाला १०-१२ किमी खूप झाले, पहिलीच ट्रिप असेल तर ८. नदीचा प्रवाह ढकलेल हे गृहीत धरू नका, कारण दुपारी रुंद पात्रात समोरून वारा सुटला की तो प्रवाहाची सगळी मदत खाऊन टाकतो. सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी मुक्कामाला पोचायचं, आणि त्यावरून उलटं मोजत सकाळी कधी निघायचं ते ठरवायचं.

मधे कुठे कुठे रस्ता नदीजवळ येतो, कुठे पूल आहे, कुठून बाहेर पडता येईल, या जागा नकाशावर आधीच मार्क करा. घरी कुणाला तरी सांगून ठेवा की अमुक ठिकाणी उतरणार आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, कारण नदीच्या खोऱ्यात रेंज असेलच असं नाही. आणि खाली उतरायच्या जागी जी गाडी लावून ठेवणार तिची चावी वरच्या, म्हणजे निघाल्या जागी ठेवलेल्या गाडीत राहू देऊ नका, हसू येईल पण हे खरंच होतं.

"मोठंच घेऊ, पुढच्या वर्षीही होईल"

बुटांच्या बाबतीत ठीक आहे, लाइफ जॅकेटच्या बाबतीत अजिबात नाही. लाइफ जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं असतं, आतल्या लेबलवर किती किलोसाठी आहे ते लिहिलेलं असतं. घालून सगळे बक्कल आणि पट्टे घट्ट करा, मग खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढा. हनुवटी आणि कान आत बुडाले तर ते मोठं आहे, पाण्यात मूल खालून निसटणार. लहान मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा, डोक्यामागे तरंगणारी कॉलर आणि वर ओढून घ्यायला हँडल, हे तिन्ही असलेलंच घ्या. दंडात घालायचे फुगे, हवेची रिंग वगैरे स्विमिंग पूलची खेळणी आहेत, नदीत त्यांचा भरवसा नाही.

जॅकेट काठाला पोचायच्या आधी अंगात, आणि काढायचं पाण्यापासून लांब गेल्यावर. मोठ्यांनीही घालायचं. आईबाबांची जॅकेटं सीटखाली आणि मुलांना मात्र लेक्चर, असं असेल तर मुलं दुसऱ्या तासाला बक्कल सोडणारच. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी अडकवा आणि तीन शिट्ट्या म्हणजे "मदत हवी" हे पाठ करून घ्या.

पडू नये म्हणून मुलाला बोटीला किंवा सीटला बांधणं ही तर सगळ्यात भयंकर चूक. बोट उलटली की मूल बोटीखाली अडकतं. बोटीत लांब मोकळे दोर पसरलेले असतील तर तोच धोका, म्हणून दोर गुंडाळून खोचून ठेवायचे.

थंडीचं गणित चुकणं

हवा उबदार असली म्हणजे पाणी उबदार असेल असं नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने खेचून घेतं, आणि वजनाच्या मानाने मुलांची त्वचा जास्त असते त्यामुळे ती आपल्याआधी गार पडतात. सुती टीशर्ट आणि जीन्स घरीच ठेवा, ओले झाले की लवकर वाळत नाहीत. लोकर, फ्लीस किंवा पटकन वाळणारं सिंथेटिक चालेल.

मुलाला विचारून उपयोग नाही, खेळ थांबेल म्हणून निळ्या ओठांनी "नाही वाजत थंडी" म्हणतात. बघायचं काय, तर कुडकुडणं, हातातून वस्तू निसटणं, उगाच चिडचिड, आणि बडबडं पोर एकदम गप्प होणं. यातलं काहीही दिसलं की लगेच काठाला लागा, ओलं सगळं काढा, कोरडे कपडे, टोपी, स्लीपिंग बॅग, गरम गोड प्यायला. कुडकुडणं थांबलंय पण मूल झोपाळलंय, शब्द अडखळतायत, तर ते बरं वाटतंय असं नाही, ती इमर्जन्सी आहे: आडवं करा, कोरड्यात गुंडाळा, हातपाय चोळू नका, तोंडात काही घालू नका, मदत बोलवा.

प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि स्लीपिंग बॅग ड्राय बॅगमधे (पाणी आत न शिरणारी पिशवी), आतून अजून एक प्लास्टिकची पिशवी. ती पिशवी तंबू लागेपर्यंत कुणीही उघडायची नाही.

बोट सारखी फिरते, डुलते

समोरून वारा आहे आणि बोटीचं पुढचं टोक हलकं आहे तर ते वाऱ्याने भरकटणारच, सामान थोडं पुढे सरकवा. जड सामान खाली, मधोमध. मुलाला मधे, तळाशी मऊ पॅडवर बसवा, उंच बसलं की बोट डुलते. त्याला त्याच्या उंचीचं छोटं पॅडल द्या, त्याने बोट पुढे जाणार नाही पण निदान कंटाळणार नाही. मोठ्यांसाठी एक एक्स्ट्रा पॅडल मात्र हवंच. एकट्या मोठ्या माणसाने दोन-तीन मुलं घेऊन एका बोटीत जाणं मला पटत नाही, वारा असो वा प्रवाह, दोन्ही टोकांना वल्हवणारं माणूस पाहिजे.

नदी न वाचणं

वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं, तिथला काठ खचतो आणि झाडं नेमकी तिथेच पडतात. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं पण माणूस आणि बोट अडकते आणि मागून पाणी दाबत राहतं. त्यामुळे वळणाची आतली बाजू धरा.

बंधारा यापेक्षा फसवा. वरून येताना फक्त एक सरळ आडवी रेघ दिसते, पलीकडचं पात्र दिसतच नाही, आवाज येईलच असंही नाही. खाली पडलेलं पाणी परत बंधाऱ्याकडे गोल फिरतं आणि त्यात सापडलेल्याला सोडत नाही, उंची कमी असली तरी. नकाशात बंधारा दिसला की बऱ्याच आधी काठाला लागायचं आणि बोट उचलून पलीकडे न्यायची. एरवीही पुढचं दिसत नसेल तर उतरा, चालत जाऊन बघा. निघायच्या दिवशी पाणी गढूळ, वर काटक्या-ओंडके तरंगतायत, पातळी वाढतेय, तर ट्रिप रद्द. कितीही रडारड झाली तरी रद्द. ढगांचा गडगडाट ऐकू आला तरी पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

उलटली तर काय हे आधी न ठरवणं

क्रम ठरलेला असू दे: आधी मुलं, मग बोट, सामान शेवटी. पाणी भरलेली कनू काही शे किलोची होते, ती आणि खडक यांच्यामधे सापडू नये म्हणून नेहमी बोटीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून प्रवाह येतोय त्या बाजूला राहायचं. पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर. वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न नको, पाय दगडांत अडकला की पाणी माणसाला आडवं पाडतं. गार पाण्यात पहिलं एक मिनिट धाप लागते, तेव्हा धडपड न करता जॅकेटवर भरवसा ठेवून नुसतं तरंगायचं. हे सगळं आधी संथ, उथळ पाण्यात एकदा मुद्दाम बोट उलटवून करून बघा, मुलांना यात जाम मजा येते.

पाण्याला चिकटून तंबू

फोटो भारी येतो, कबूल. पण वरच्या भागात रात्री पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं तर तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही नदी वाढते. झुडपांत अडकलेलं वाळलेलं गवत, काटक्या बघा, पुराचं पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं, तंबू त्याच्या वर. पाण्याच्या कडेला एक काठी खोचून ठेवा आणि झोपण्याआधी, मधे जाग आली तर परत, टॉर्च मारून बघा. बोट वर ओढून पालथी करा आणि झाडाला बांधा.

मुलांना एक रेघ दाखवा, तिच्या पलीकडे मोठ्या माणसाशिवाय आणि जॅकेटशिवाय जायचं नाही. आणि मोठ्यांनी पाळी लावा, कारण सगळेच बघतायत म्हटलं की कुणीच बघत नसतं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही, आवाज न करता खाली जातं. प्रत्येक मुलाला स्वतःचा हेडलॅम्प. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब. नदीचं पाणी प्यायचं असेल तर आधी गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

ज्या मुलाने कधी तंबूत झोप काढलेली नाही त्याची पहिली रात्र नदीकाठी नको, आधी घराजवळ एक रात्र काढून बघा.

दुसरा दिवस पहिल्याइतकाच धरणं

ओला तंबू, हरवलेला एक मोजा, नाश्ता, पॅकिंग, नऊला निघायचं म्हटलं की साडेदहा होतातच. त्यात हात दुखत असतात आणि झोपही धड झालेली नसते. म्हणून लांबचा टप्पा पहिल्या दिवशी उरकून घ्या, दुसऱ्या दिवसासाठी ४-५ किमीच ठेवा, आणि सकाळीच पाऊस लागला तर सरळ जवळच्या पुलाशी बाहेर पडा.