परदेशी वर्गाबरोबर पाच आठवडे : कॉइल उपक्रम कसा आखावा

परदेशी शिकायला जाणं मोजक्याच मुलांना परवडतं. बाकीच्यांना वर्गात बसूनच दुसऱ्या देशातल्या मुलांबरोबर काम करता यावं, यासाठी कॉइल (कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग) ही पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठात २००६ साली तिचं केंद्र सुरू झालं. खाली उदाहरणादाखल जर्मनीतला वर्ग जोडीला धरला आहे.

आधी कॅलेंडर. दिवाळीच्या आसपास आपल्याकडे परीक्षा, सुट्टी आणि तिकडे नुकतंच सुरू झालेलं सत्र. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य बरा. तेव्हा घड्याळात साडेचार तासांचा फरक असतो : आपले दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. हे विसरलं की एक वर्ग रिकाम्या स्क्रीनसमोर ताटकळतो.

गट तीन अधिक तीनचे करा, म्हणजे एखादा गळाला तरी काम अडत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप परस्पर काढू नका. युरोपात जीडीपीआर या खासगी माहिती जपणाऱ्या कायद्यामुळे मुलांचे फोन नंबर असे वाटता येत नाहीत. संपर्काचं माध्यम दोन्ही शिक्षकांनी आधीच ठरवावं.

पहिल्या आठवड्यात फक्त ओळख. दुसऱ्यापासून असं काम द्या, जे एका बाजूला एकट्याने पुरं करताच येणार नाही. 'आपापले सण सांगा' हा विषय टाळाच. त्यातून दोन सादरीकरणं होतात, संवाद होत नाही. त्यापेक्षा पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिकडे ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात घातली की अनामत ठेवलेले २५ सेंट परत मिळतात, इकडे ती भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाते. दोन्ही साखळ्यांमध्ये पैसा कुणाला आणि किती मिळतो, याचा एकच तक्ता गटाने मिळून भरायचा.

खटके उडतीलच, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. आपला मुलगा भिडेपोटी 'बघतो, करतो' म्हणतो. ते इंग्रजीत 'आय विल डू इट' होतं आणि समोरचा ती तारीख डायरीत लिहून ठेवतो. शुक्रवारी आकडे येत नाहीत. इकडची मुलं म्हणतात, 'ते फार कडक आहेत.' तिकडची म्हणतात, 'यांचा भरवसा नाही.' अशा वेळी शिक्षकाने मध्यस्थी करण्याची घाई करू नये. प्रत्येकाकडून तीन टप्प्यांत अर्धं पान लिहून घ्यावं. आधी नुसतं काय घडलं : 'शुक्रवारी पाचला फाइल आली नाही.' मग त्याचे निदान तीन संभाव्य अर्थ. मत सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलं पहिल्याच ओळीत 'त्यांनी दुर्लक्ष केलं' असं लिहितात. तो अर्थ झाला, घटना नव्हे. ओळ खोडून पुन्हा लिहायला लावा.

गुणांपैकी निम्मे या टिपणांना द्या. सगळे गुण तक्त्याला ठेवले, तर गटातला इंग्रजी सफाईदार बोलणारा एकटाच काम उरकतो आणि बाकीचे कॅमेरा बंद करून बसतात.