एपीपी व्हायचंय? मग आधी कोर्टातलं रोजचं काम समजून घ्या

एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता (एपीपी) व्हायची तयारी करणारे ज्युनिअर भेटले की अभ्यासक्रम, कटऑफ, मुलाखत एवढंच विचारतात, पण पोस्टिंग झाल्यावर जेएमएफसी (प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात दिवसभर करायचं काय असतं हे कुणी विचारत नाही, म्हणून लिहितोय.

आधी पदांचा घोळ. मॅजिस्ट्रेट कोर्टातला एपीपी म्हणजे नियमित नोकरी, गृह विभागाखालचं अभियोग संचालनालय. सेशन्स कोर्टाला पीपी (सरकारी वकील) किंवा अतिरिक्त पीपी ही वेगळी नेमणूक, तिला बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 18 प्रमाणे किमान 7 वर्षं वकिली लागते. दोघांनाही लोक एपीपी म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. परीक्षेसाठी एवढंच सांगतो, 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले तरी जुनी कलमं सोडू नका, कारण कोर्टात आयपीसीच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या केसेस अजून चालूच आहेत आणि बोर्डावर (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) दोन्ही शेजारी शेजारी असतात.

आता खरं काम. सकाळी रिमांड, जामीन अर्जावर से (सरकार पक्षाचं लेखी म्हणणं), मग पुरावा. सगळ्यात जास्त मेहनत साक्षीदारावर घ्यावी लागते. घटना होऊन चार-पाच वर्षं झालेली असतात, माणूस समन्सवर मजुरी बुडवून आलेला, कोर्ट पहिल्यांदाच बघतोय, आणि पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर त्याची सही नसते, कायद्यानेच घ्यायची नसते, त्यामुळे आपण तेव्हा काय सांगितलं ते त्याला धड आठवत पण नाही. त्याला दहा मिनिटं द्या हो. आधी पाणी विचारा, मग जबाब वाचून दाखवा, वेगळं आठवत असेल तर तेच सांग म्हणा. पढवायचं मात्र अजिबात नाही, उलटतपासात ते लगेच उघडं पडतं आणि मुळात ते चूकच आहे. बाहेर ज्याला आपण फितूर म्हणतो त्यातले कितीतरी साक्षीदार नुसते घाबरलेले असतात असं माझं मत आहे. पंच (पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार) मात्र फिरतात, तो प्रश्न वेगळा, तिथे परवानगी घेऊन तुम्हालाच आपल्या साक्षीदाराचा उलटतपास घ्यावा लागतो.

चार्जशीट येण्याआधी आयओ (तपास अधिकारी) सल्ल्याला आला तर मुद्देमालाची सीलं, तारखा, सीसीटीव्हीचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट हे बघाच. नंतर ते जुळवता येत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून. आपण पोलिसांचे वकील नाही. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या केसमध्ये 1995 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एपीपींचा केडर वेगळा करा, तो पोलीस खात्याच्या ताब्यात नको. हितेंद्र विष्णू ठाकूर 1994 पण वाचा, सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही हे त्यात स्पष्ट आहे. आरोपीच्या बाजूचा कागद फाईलमध्ये असेल तर तो दाबायचा नाही. निर्दोष सुटका झाली की फिर्यादीकडची माणसं तुमच्याकडेच बघतात, फार त्रास होतो, पण निकाल वाचून अपील होण्यासारखं आहे का याचं मत तुम्हालाच प्रामाणिकपणे लिहायचं असतं.

सध्या प्रॅक्टिस करत असाल तर तुमचं नाव असलेले वकीलपत्र, रोजनामे (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी), आदेश यांच्या कॉप्या आत्तापासून जपून ठेवा, अनुभव दाखवताना लागतात. आणि मोकळा वेळ मिळाला की चांगला फौजदारी वकील उलटतपास घेत असेल त्या कोर्टात मागे जाऊन बसा.